सोसणं वेगळं, सावरणं वेगळं

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका २६ वर्षांची, इंदूरची, आईवडिलांसोबत राहणारी. बी.एस्सी. नर्सिंग करून तीन वर्षांपासून एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मूळची अबोल. दोन महिन्यांपूर्वी तिच्या नाइट ड्यूटीत वॉर्डातले एक आजोबा गेले. अकरा दिवस ते तिला 'बेटा' म्हणून हाक मारत होते. सगळं आवरून झाल्यावर ती लिननच्या खोलीत जाऊन रडली आणि ते इन्चार्ज सिस्टरनी पाहिलं. दोन आठवड्यांनी वार्षिक मूल्यमापनात शेरा आला, 'मानसिक कणखरपणा कमी, संवाद कमी.' वर इन्चार्ज म्हणाल्या, "ये लाइन तुम्हारे बस की नहीं है." तिच्याच बॅचची एक मैत्रीण बोलकी, हसतमुख, अटेंडर (रुग्णांचे सोबती-नातेवाईक) तिच्यावर खूश, तिला बढती मिळते आहे. घरी आई म्हणते, सोड ते, बी.एड. कर. मोबाइलवरच्या एका स्वभावचाचणीत 'अंतर्मुख आणि चिंताग्रस्त' असा निकाल आल्यापासून तिची झोप उडाली आहे. तिचा प्रश्न : ताई, माझा स्वभावच नर्सिंगला नालायक आहे का? तो बदलता येतो, की मी वेळेत बाहेर पडू?

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात एक ओळ नजरेतून सुटली होती, कारण तूच ती घाईत लिहून पुढे गेली आहेस. "त्याच रात्री चारला बेड नऊची युरिन बॅग बघितली तर एकपासून वीसच एमएल भरली होती, म्हणून डॉक्टरांना उठवलं, ते जरा चिडले." एवढंच. पुढच्या वाक्यात तू परत स्वतःच्या रडण्याकडे वळलीस.

मी तिथेच थांबले. मी चौतीस वर्षं या कामात काढली आहेत, पहिली वीस वॉर्डात आणि पुढची शिकवण्यात, त्यामुळे माझ्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला. किलोमागे ताशी अर्धा एमएल धरला तर साठ किलोच्या माणसाला तीन तासांत निदान नव्वद एमएल लघवी व्हायला हवी. बॅगेत वीस. म्हणजे कॅथेटर, लघवीची नळी, तुंबला असेल, बीपी पडत असेल, नाहीतर किडनी दगा देत असेल. सकाळच्या राउंडला अजून पाच तास होते. चढलेल्या आवाजाची तुला भीती वाटते असं तूच लिहितेस, तरी झोपेतून उठून चिडणार हे ठाऊक असलेल्या डॉक्टरांना तू उठवलंस. आणि हे घडलं लिननच्या खोलीत रडून आल्यावर दोन तासांनी.

आता मला सांग, तुझ्या मूल्यमापनाच्या कागदावर ही गोष्ट कुठे आहे?

तुझ्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टींचा गुंता झाला आहे : तुझा स्वभाव, धक्क्यातून सावरण्याची तुझी ताकद, आणि वॉर्डाचं ओझं. तिघांचा दोष तू एकट्या स्वभावावर टाकते आहेस. इन्चार्ज सिस्टरनीही तेच केलं. गुंता आधी सोडवूया, बाहेर पडायचं की नाही ते मग.

स्वभावापासून सुरू करते, कारण त्या मोबाइलच्या चाचणीने तुला फार घाबरवलं आहे. अशा चाचण्या माणसाला खणात टाकतात. तू अंतर्मुख, ती बहिर्मुख, झालं. स्वभावाचा गंभीर अभ्यास करणारे लोक खण मानत नाहीत, पाच पट्ट्या मानतात : नव्याला मोकळं असणं, कामातला काटेकोरपणा, बहिर्मुखता, दुसऱ्याशी जुळवून घेणं, आणि काळजीने अस्वस्थ होण्याची वृत्ती. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. १९९१ साली मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी स्वभाव आणि काम यांच्या नात्यावरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांनी पाहिलेल्या सगळ्या प्रकारच्या कामांत चांगल्या कामगिरीशी सातत्याने जोडलेला आढळला तो काटेकोरपणा. बहिर्मुखता मुख्यतः दोन ठिकाणी उपयोगी दिसली, विक्री आणि व्यवस्थापन.

तुझ्या मैत्रिणीला बढती का मिळते आहे, याचं निम्मं उत्तर इथे असावं. बढती म्हणजे माणसं सांभाळणं, आणि त्यात तिचा बोलकेपणा कामाला येईल. तिचं कौतुक खरंच आहे. घाबरलेल्या अटेंडरला हसून दोन शब्द सांगणं हीसुद्धा शुश्रूषाच. पण तीन तासांचं इनटेक-आउटपुट, म्हणजे शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं, ते डोक्यात ठेवणं दुसऱ्या पट्टीवरचं काम आहे आणि त्या पट्टीवर तू कुठे आहेस ते त्या रात्रीने दाखवलं.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. काळजीने अस्वस्थ होण्याची पट्टी ज्यांची वरच्या अंगाला असते, ती माणसं या कामात लवकर थकतात. हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. तू बहुतेक त्याच बाजूला आहेस. घरी आल्यावर 'पोटॅशियम हळू सोडलं होतं ना?' असं आठवत बसणं, बरोबर? मग तुला जास्त जपावं लागेल, दमेकऱ्याला धुळीत जपावं लागतं तसं. दम्याचा माणूस नोकरी सोडत नाही, पंप खिशात ठेवतो. आणि स्वभाव बदलतो का, हे विचारलंस. मुळापासून क्वचितच. पण विशी ते चाळिशीच्या दरम्यान बहुतेकांचा काटेकोरपणा वाढतो आणि मन जास्त स्थिर होतं, हे माणसांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या अभ्यासांतून दिसलं आहे. सव्विसाव्या वर्षी एका रात्रीवरून स्वतःवर शिक्का मारण्याची घाई करू नकोस.

दुसरा धागा कणखरपणाचा. इथे मला आपल्या भाषेशी थोडं भांडायचं आहे. आपल्या घरांत मुलीची स्तुती करताना 'सोशिक आहे हो' असं म्हणतात. मी तेच ऐकत वाढले, तूही वाढली असशील. त्यामुळे कणखर नर्स म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती काहीही झालं तरी चेहरा न हलणारी, तक्रार न करणारी बाई. ती सोसते. पण सोसणं वेगळं आणि सावरणं वेगळं. सोशिक नर्स रात्री चौदा पेशंट एकटीने सांभाळते आणि कुणाला सांगत नाही. चुकीचा डोस जाता जाता राहिला तर तेही सांगत नाही, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी त्याच चुकीपाशी येऊन ठेपते. सावरणारी नर्स हलते, कधी रडते, कुणाशी तरी बोलते, आणि परत ट्रॉलीपाशी येऊन अँप्यूलवरचं नाव दुसऱ्यांदा वाचते. रुग्णाला या दुसरीची गरज आहे.

लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात इझाबेल मेंझीज नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी नर्सेसचं काम जवळून पाहिलं होतं. १९६० मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. त्यांना दिसलं की वेदना आणि मरण रोज बघण्याची भीती अंगावर येऊ नये म्हणून सगळी व्यवस्थाच नर्सला रुग्णापासून लांब ठेवते : कामाचे तुकडे पाडायचे, सतत जागा बदलायच्या, रुग्णाला नावाने न ओळखता 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणायचं. त्याने भीती कमी झाली नाही. कामातलं समाधान मात्र गेलं, आणि शिकाऊ मुली मोठ्या संख्येने सोडून जात राहिल्या, त्यांत चांगल्या मुलीही होत्या. तूही पत्रात 'बेड नऊ' लिहितेस, मीही आयुष्यभर तसंच म्हणत आले, त्यात पाप नाही. पण ज्या आजोबांना तू नाव आणि चेहऱ्यासकट ओळखत होतीस ते गेल्यावर डोळे भरून आले, तर तिथे दुखणं कसलं शोधायचं?

माझीच गोष्ट सांगते. एकोणीस वर्षांची होते, शिकाऊ. लहान मुलांच्या वॉर्डात पहाटे एक बाळ गेलं आणि माझ्या हातातली ट्रे खाली पडली. काचेच्या सिरिंजांचा जमाना तो, चार-पाच फुटल्या. वाटलं, आता बोलणी बसणार. आमच्या सीनियर सिस्टर मल्याळी होत्या, मोजकं बोलायच्या, हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाण्याचा ग्लास हातात दिला आणि मी पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा बजे का इंजेक्शन बाकी है. चलो, बच्चे को मैं पकड़ती हूँ." मी इंजेक्शन भरलं. माझा हात कापत होता, त्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, त्या दुसऱ्या बाळाचा पाय घट्ट धरून ठेवला.

मी सावरले ती माझ्या कणखरपणामुळे की त्यांच्या त्या पाच मिनिटांमुळे? हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस असणं. ताकद माणसात असते तशी माणसाच्या आजूबाजूलाही असते. तुझ्या त्या रात्री तुला रडताना इन्चार्जनी पाहिलं. पाण्याचा ग्लास कुणी दिला? पत्रात कुणीच नाही.

आणि आता ओझं. तू लिहितेस, नाइटला तुम्ही दोघी आणि अठ्ठावीस बेड. म्हणजे एकीला चौदा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साधारण रुग्णालयाच्या वॉर्डासाठी पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे, आणि शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तीनमागे एक. लिंडा एकन यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांची माहिती तपासून २००२ साली दाखवलं की नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि नर्स कामाने करपून जाण्याची (बर्नआउट) सुमारे २३ टक्क्यांनी. एका जादा रुग्णाने हे होतं. तुझे नऊ जादा आहेत. कामाने आलेल्या या करपलेपणाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'कामाशी संबंधित घटना' अशी केली, आजार म्हणून केली नाही. त्याच्या खुणा तीन : पार गळून जाणं, कामाबद्दल कोरडेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तुझ्यात पहिली आणि तिसरी दिसते. दुसरी दिसत नाही. तू अजून रडतेस.

म्हणून त्या शेऱ्यावर माझं मत स्पष्ट आहे : तो अन्याय आहे. इन्चार्ज सिस्टर वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांच्यावरही अठ्ठावीस बेडांचं ओझं आहे आणि बहुधा त्यांनाही कुणी ग्लास दिला नसेल. पण 'संवाद कमी' हा निम्मा भाग तू झटकून टाकू नकोस. तो सुधारता येतो आणि त्यासाठी बडबडी व्हावं लागत नाही. अबोल माणसाला आयत्या वेळी शब्द सापडत नाहीत, म्हणून शब्द आधी तयार ठेवायचे. डॉक्टरांना फोन करताना चार पायऱ्या धर : आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. बेड नऊचंच बघ. "सर, मेडिसिन वॉर्ड से सिस्टर बोल रही हूँ. बेड नौ, तीन घंटे में यूरिन बीस एमएल. निमोनिया के हैं, दो दिन से एडमिट. मुझे लगता है बीपी गिर रहा है, अभी नब्बे बाय साठ है. आप आकर देख लीजिए." आजार आणि बीपी मी कल्पनेने भरलं आहे, तू तुझं भर. वीस सेकंद लागतात. चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एसबार म्हणतात याला, तुला कॉलेजात शिकवलं असेल, पण कागदावर लिहून खिशात ठेवलं नसशील. ठेव. चढ्या आवाजाची भीतीसुद्धा यामुळे कमी होते, कारण चिडायला समोरच्याला फट राहत नाही.

अटेंडरशी बोलण्याचंही तसंच. ड्यूटीवर आल्या आल्या प्रत्येक बेडपाशी नाव सांगून एक वाक्य : "रात भर मैं हूँ, अगली दवा दस बजे." एवढ्याने अर्ध्या हाका कमी होतात.

इन्चार्जकडे एकदा जा. नाइट उतरल्यावर नको, त्या वेळी आवाज कापतो. दुपारच्या ड्यूटीच्या आधी अर्धा तास जा. भांडायला किंवा सफाई द्यायला जाऊ नकोस. विचार, "सिस्टर, कणखरपणा कमी म्हणजे माझ्या कोणत्या कामात कमी पडलं? तारीख सांगा, मी सुधारेन." मग बेड नऊची रात्र सांग, चार्ट दाखव. काही ठोस मिळालं तर ते सोनं समजून घे. मिळालं नाही, तर त्या शेऱ्याखाली तुझं म्हणणं दोन ओळींत लिहून दे. त्याआधी एक महिनाभर छोट्या वहीत रोज तीन गोष्टी टिप : किती पेशंट, काय वेळेत पकडलं, काय राहून गेलं. पेशंटचं नाव लिहू नकोस. महिन्याअखेरीस वही वाचलीस की स्वभाव कुठे नडला आणि चौदाचा आकडा कुठे नडला, ते वेगळं वेगळं दिसेल. काळजी करणाऱ्यांच्या डोक्यात फक्त राहून गेलेलं साठतं, म्हणून पकडलेलं लिहून ठेवायला लागतं.

मृत्यूनंतरची पाच मिनिटं तुम्ही दोघींनी आपसात ठरवून घ्या. एक वॉर्ड बघेल, दुसरी हात धुवून, पाणी पिऊन येईल. गेलेल्या माणसाबद्दल एक वाक्य एकमेकींना सांगा. बोलक्या मैत्रिणीची ड्यूटी तुझ्याबरोबर असेल तर तिलाच सांग. मला वाटतं तीही कुठेतरी रडत असेल.

झोपेचं विसरू नकोस. नाइट करून तू साडेआठला घरी येतेस, आणि लिहितेस की डोळा लागतो न लागतो तोच कचरागाडीचं गाणं, मग दूधवाला, मग अकराला आईची मैत्रीण. आपल्या शहराच्या स्वच्छतेचा मला अभिमान आहे, पण नाइटवाल्यांचे हाल मला ठाऊक आहेत. मागची खोली माग, पडदा जाड कर, दारावर पाटी लाव, आणि आईला सांग की दिवसा झोपणारी मुलगी आळशी नसते. घरी येताना पोहे-जिलबी खा, चहा मात्र टाळ. अर्धी काळजी अर्धवट झोपेतून येते. सलग सहा नाइट्स लागत असतील तर तीन-तीन मिळतील का, हे विचारायला हरकत नाही.

बी.एड.बद्दल. आईला तुझं रडणं बघवत नाही, तिचं प्रेम मला समजतं. पण शाळेतही चाळीस मुलं असतात आणि वर्गात आवाज चढतोच. आवाजापासून सुटका म्हणून तिकडे गेलीस तर फसशील. शिकवायची ओढ असेल तर नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होता येतं. डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, नवजात बाळांचा विभाग इथे शांत, काटेकोर माणसांची गरज मोठी असते. आरोग्य उपकेंद्रांत कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना घेतात, तिथे तीच माणसं वर्षानुवर्षं भेटतात, तुला ते आवडेल असं वाटतं. सोडण्यात कमीपणा काहीच नाही. हा वॉर्ड सोड, हे रुग्णालयही सोड, पण 'मी नालायक' या कारणासाठी सोडू नकोस, कारण ते कारण खोटं आहे आणि ते तुझ्याबरोबर पुढच्या नोकरीतही येईल. पुढच्या मुलाखतीत पगाराआधी विचार : रात्री एका नर्सकडे किती बेड असतात?

एक सीमारेषा मात्र आख. सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, ड्यूटीला निघताना छाती धडधडून पाय उचलत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही आणि पाटी पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर विनामूल्य आहे आणि रात्री तीनलाही लागतो. आपण नर्सेस दुसऱ्याला पाठवतो, स्वतः जात नाही. तू जा.

हे सदर इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रनही वाचतात, मला पत्रं येतात. त्यांना माझी विनंती आहे की मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'कणखरपणा' हा रकाना भरण्याआधी त्या मुलीच्या ड्यूटीचा बेडांचा आकडा शेजारी लिहा.

आणि मुली, बेड नऊचे ते गृहस्थ पुढे घरी गेले का, ते तू लिहिलंच नाहीस. कळव मला.

तुझी,
ताई